कुटुंबाची गाडी, कायद्याचा ट्रक

फोर्ड एक्सप्लोरर अमेरिकेत गेली तीस-पस्तीस वर्षं कुटुंबाची गाडी म्हणून विकली जाते. पुढे आई-बाप, मध्ये मुलं, त्यांच्या मागे आणखी एक रांग, उरलेल्या जागेत सामान. पण तिथल्या इंधनबचतीच्या नियमांत ही गाडी प्रवासी मोटारींच्या यादीत बसत नाही. तिची गणना हलक्या ट्रकांत होते, आणि त्यासाठी तिची तिसरी रांगच कामी येते. २००८ च्या मॉडेलांपासूनचा नियम सांगतो की गाडीत मुळातच सीटांच्या तीन रांगा असतील आणि मागच्या सीटा दुमडून सपाट जागा करता येत असेल, तर ती माल वाहू शकते. सबब ती प्रवासी गाडी नव्हे. जास्त माणसं बसावीत म्हणून दिलेल्या सीटांमुळेच गाडी माणसांच्या वर्गातून बाहेर पडते. नियम लिहिणाऱ्यांना ही गंमत कळली नसेल असं मानायचं काही कारण नाही. ती कुणाच्या तरी सोयीची होती, एवढंच.

एक्सप्लोररच्या सहा पिढ्यांची गोष्ट एरवी मोठ्या कौतुकानं सांगितली जाते. खडबडीत ट्रकपासून सुरुवात झाली, ग्राहकांनी सूचना केल्या, अभियंत्यांनी त्या ऐकल्या आणि गाडी पिढीगणिक सुधारत गेली, असा तिचा सूर असतो. तो खोटा नाही, पण त्यात बदल घडवून आणणारी माणसंच दिसत नाहीत. या गाडीतला जवळजवळ प्रत्येक महत्त्वाचा बदल बाहेरून लावलेल्या रेट्यानं झाला आहे: कधी कोर्टातले खटले, कधी पेट्रोलचा भाव, कधी संसदेतली सुनावणी. हा रेटा लावता आला तो मुख्यतः गाडीच्या आत बसणाऱ्यांना. बाहेरून चालत जाणाऱ्याला तो अजून नीट लावता आलेला नाही, आणि गाडीचा आकार पाहिला की ते लक्षात येतं.

१९७३ च्या तेलटंचाईचा धसका घेऊन अमेरिकेनं १९७५ साली कायदा केला की प्रत्येक कंपनीच्या गाड्यांनी सरासरी ठरावीक मायलेज दिलंच पाहिजे. १९७८ च्या मॉडेलांपासून तो लागू झाला आणि १९८५ साठी मोटारींची अट गॅलनमागे २७.५ मैलांवर ठेवली गेली. हलक्या ट्रकांना मात्र सवलत मिळाली, कारण ट्रक म्हणजे शेतकऱ्याचं, सुताराचं, गवंड्याचं वाहन. नव्वदच्या दशकात त्यांची अट २० मैलांच्या आसपासच रेंगाळत राहिली. भरमसाट पेट्रोल पिणाऱ्या मोटारींवर १९७८ साली वेगळा कर बसवण्यात आला, त्यातूनही ट्रक वगळले गेले. सवलत गवंड्यासाठी होती. तिच्यावर डोळा मात्र दुसऱ्यांचाच होता.

अमेरिकी कुटुंबाची तोवरची गाडी होती स्टेशन वॅगन: लांब, बुटकी, मागे भरपूर जागा. फोर्डची कंट्री स्क्वायर, बाजूला लाकडाचा आभास देणारे पट्टे मिरवणारी, हा तिचा नमुना. कायद्याच्या लेखी ती मोटारच, त्यामुळे मोटारींची सगळी अट तिला लागू. कंट्री स्क्वायरचं शेवटचं मॉडेल १९९१ चं आणि एक्सप्लोररचं पहिलं मॉडेलही १९९१ चंच. वॅगनच्या मरणाला मिनिव्हॅनही कारण झाली, हे मान्य. तरीही एकाच कंपनीच्या एकाच वर्षाच्या यादीत कुटुंबाची एक गाडी मोटार म्हणून संपते आणि दुसरी ट्रक म्हणून सुरू होते, याला मी केवळ योगायोग म्हणणार नाही.

पहिली एक्सप्लोरर खरोखर ट्रकच होती. रेंजर नावाच्या पिकअपची चासी, म्हणजे खालची चौकट, तिच्यावर चार दारांची बॉडी, चार लिटरचं व्ही-सिक्स इंजिन, १५५ अश्वशक्ती. आत मात्र मऊ सीटा आणि मोटारीसारखा डॅशबोर्ड. वेगळी चासी न ठेवता सगळा सांगाडाच एकसंध बांधायचा मार्ग तेव्हा माहीत नव्हता असं नाही. जीप चेरोकीनं तो १९८४ च्या मॉडेलातच वापरून दाखवला होता. पण रेंजर तयार होती, केंटकीत लुईव्हिलचा कारखाना तयार होता, आणि ट्रकच्या चासीवर बॉडी चढवून तिला मोटारीच्या तोडीची किंमत लावण्यातला नफा कुणालाही मोहात पाडेल असा होता. गाडी तुफान चालली. २००० साली एका वर्षात सुमारे ४ लाख ४५ हजार एक्सप्लोरर विकल्या गेल्या.

याच यशाच्या पोटात पुढचा अनर्थ होता. पिकअपची चासी उंच, तिच्यावर इंजिन उंच, माणसं त्याहून उंच. गाडी उलटते की नाही हे बऱ्याच अंशी दोन मापांवर ठरतं: दोन चाकांमधलं अंतर आणि गुरुत्वमध्याची उंची. चाकं जवळ आणि वजन वर, की गाडी पलटी व्हायला सोपी. एक्सप्लोररच्या आधीची फोर्डचीच ब्रॉन्को टू याच दोषासाठी बदनाम झाली होती. खटल्यांमधून पुढे बाहेर आलेल्या कागदपत्रांनुसार, एक्सप्लोरर बाजारात येण्याआधीच्या चाचण्यांतही जोराच्या वळणावर चाकं उचलली जात होती. अभियंत्यांसमोरचे पर्याय स्पष्ट होते: चाकांमधलं अंतर वाढवा, इंजिन खाली आणा, स्प्रिंग कडक करा, टायरमधली हवा कमी ठेवा. पहिल्या दोन उपायांना वेळ आणि पैसा लागत होता. निवड झाली शेवटच्या दोघांची. फोर्डनं २६ पीएसआय हवा सुचवली. टायर बनवणाऱ्या फायरस्टोन कंपनीला ३० हवी होती.

कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो. टेक्सास, ॲरिझोना, फ्लोरिडासारख्या उष्ण राज्यांत, भरलेल्या गाडीखाली, ताशी सत्तर मैलांवर काही टायरांचा वरचा थर पोलादी पट्ट्यांपासून सुटायला लागला. टायर फाटला की चालक घाबरून स्टिअरिंग फिरवतो, आणि उंच गाडी आडवी होते. २००० च्या फेब्रुवारीत ह्यूस्टनच्या एका दूरचित्रवाणी वाहिनीनं हे प्रकरण मांडल्यावर तक्रारींचा ओघ सुरू झाला. ऑगस्टमध्ये फायरस्टोननं ६५ लाख टायर परत मागवले. पुढच्या मे महिन्यात फोर्डनं आणखी १ कोटी ३० लाख टायर बदलायचं जाहीर केलं. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा यंत्रणेनं या टायरांशी जोडलेल्या मृत्यूंची नोंद केली, ती २७१ वर गेली.

त्याआधीची एक गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत जास्त खटकते. १९९९ सालीच फोर्डनं आखाती देशांत, आणि नंतर व्हेनेझुएलात, असेच टायर बदलून द्यायला सुरुवात केली होती. म्हणजे दुखणं कळलेलं होतं. पण परदेशातली अशी कारवाई मायदेशी कळवण्याचं कायदेशीर बंधन नव्हतं, म्हणून ती कळवली गेली नाही. सौदीतल्या वाळवंटात फाटलेला टायर टेक्सासच्या रस्त्यावरच्या कुटुंबाला सावध करू शकला असता. २००० च्या नोव्हेंबरात आलेल्या नव्या कायद्यानं हे बंधन घातलं. टायरमधली हवा कमी झाली की चालकाला इशारा देणारी यंत्रणा आज तिथल्या प्रत्येक नव्या गाडीत असते, तीही याच कायद्यातून आली.

फोर्ड टायरला दोष देत राहिली, फायरस्टोन गाडीला. जवळजवळ शंभर वर्षांचा व्यवहार तुटला. शिवाय हे नातं नुसतं व्यापाराचं नव्हतं. फोर्ड कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष बिल फोर्ड यांची आई फायरस्टोनचे संस्थापक हार्वी फायरस्टोन यांची नात. महामार्ग सुरक्षा यंत्रणेनं दोष टायरचा ठरवला आणि २००२ च्या फेब्रुवारीत एक्सप्लोररची वेगळी चौकशी करायला नकार दिला. टायर फाटल्यावर ही गाडी तिच्या वर्गातल्या इतर गाड्यांपेक्षा वेगळी वागत नाही, असं कारण दिलं. फोर्डला यात निर्दोषत्व दिसलं. माझ्या मते तो निकाल एका गाडीला सोडून अख्ख्या वर्गाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करतो. सगळ्याच सारख्या असतील, तर प्रश्न एका मॉडेलचा उरत नाही.

आता २००२ ची तिसरी पिढी पाहा. चाकांमधलं अंतर अडीच इंचांनी वाढलं. मागचा एकसंध ॲक्सल जाऊन दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आलं. गाडी उलटायला लागली की खिडकीवर पडदा सोडणाऱ्या एअरबॅगांची सोय झाली. तिसरी रांगही प्रथम इथेच आली. हे काम प्रकरण पेटण्याआधीच सुरू झालं होतं, तेव्हा त्याचं सगळं श्रेय बदनामीला देणं बरोबर नाही. पण चाचणीच्या मैदानावर चर्चिला गेलेला रुंदीचा उपाय रस्त्यावर उतरायला एक तप लागलं, आणि त्या तपाची किंमत कुणी मोजली हे २७१ या आकड्यात लिहिलेलं आहे. २००१ पासून सरकारनं गाड्यांच्या उलटण्याच्या धोक्याला तारांकित गुण द्यायला सुरुवात केली. त्यानंतरच्या वर्षांत एसयूव्हींचं सरासरी स्थैर्य वाढत गेलं. २०१२ च्या मॉडेलांपासून घसरणारी गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा सक्तीची झाली आणि एसयूव्हीतले उलटून होणारे मृत्यू खूपच खाली आले. नियमांची टर उडवणाऱ्यांनी हा एवढा भाग पुन्हा वाचावा.

२००६ च्या चौथ्या पिढीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. चासी सुधारली, आतली सजावट बरी झाली, ग्राहक मात्र निघून गेले. २००८ च्या उन्हाळ्यात पेट्रोल गॅलनला ४ डॉलरच्या वर गेलं आणि २००९ मध्ये एक्सप्लोररची वार्षिक विक्री जेमतेम ५२ हजारांवर आली.

म्हणून २०११ ची पाचवी पिढी. ट्रकची चासी गेली आणि त्या जागी एकसंध सांगाडा आला, तोही ज्याची मुळं व्होल्वोच्या मोटारींत आहेत असा. इंजिन आडवं बसलं, ताकद पुढच्या चाकांना गेली, मायलेज स्पष्ट सुधारलं. जुने चाहते चिडले. चिखलात न रुतणारी, मागे जड बोट ओढणारी ती एक्सप्लोरर हीच का, असा त्यांचा सवाल होता. मला मात्र ही तिची सर्वांत प्रामाणिक पिढी वाटते. बहुसंख्य मालक तिला शाळेपर्यंत, बाजारापर्यंत आणि सुट्टीत आजीच्या घरी नेतात, हे तिनं पहिल्यांदा कबूल केलं. पोलिसांसाठीची तिची आवृत्तीही इतकी पसरली की अमेरिकेत मागच्या आरशात ही गाडी दिसली की आजही चालकाचा पाय आपोआप ब्रेकवर जातो.

एवढी मोटार होऊनही नियमाच्या लेखी ती ट्रकच राहिली. तिसरी रांग कामाला आली. २०११ च्या आसपास इंधनाचे निकष गाडीच्या चार चाकांमधल्या क्षेत्रफळाला जोडले गेले. त्यात चाकं जितकी दूर, तितकी अट सैल. स्थैर्यासाठी गाडी रुंद होणं आवश्यक होतं. आता रुंद होण्याचं बक्षीसही मिळू लागलं. १९९१ ची चार दारांची एक्सप्लोरर १८४ इंच लांब आणि ७० इंच रुंद होती. २०२० च्या सहाव्या पिढीची लांबी १९९ च्या घरात गेली, रुंदी ७९ च्या. या पिढीत इंजिन पुन्हा गाडीच्या लांबीच्या दिशेनं बसलं, ताकद पुन्हा मागच्या चाकांकडे गेली, बोनेट लांबलं. साध्या इंजिनाचीही अश्वशक्ती ३००, म्हणजे पहिलीच्या जवळजवळ दुप्पट. मागचीच चाकं फिरवणाऱ्या या गाडीचं सरकारी मायलेज २४ मैल आहे, आणि एवढ्या मोठ्या गाडीसाठी ते वाईट नाही. पण तीन दशकांच्या इंजिनशास्त्राची कमाई आपण इंधन वाचवण्यावर खर्च करू शकलो असतो. तिचा मोठा वाटा आकारात आणि वेगात गेला.

हा आकार बाहेरच्या माणसाला काय करतो? २००९ मध्ये अमेरिकेत ४,१०९ पादचारी वाहनांखाली मेले. २०२२ मध्ये तो आकडा साडेसात हजारांच्या वर होता. विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या तिथल्या महामार्ग सुरक्षा संस्थेनं २०२३ साली दाखवलं की ज्या गाड्यांचं बोनेट ४० इंचांहून उंच असतं, त्यांच्या धडकेत पादचारी मरण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या बोनेटच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त असते. कारण समजायला अवघड नाही. बुटकी मोटार पायांना लागते आणि माणूस बोनेटवर आडवा पडतो. उंच गाडी छातीला किंवा डोक्याला लागते आणि त्याला खाली लोटते. लहान मूल असेल तर चालकाला ते आधी दिसतही नाही.

यावर आक्षेप येतात, आणि ते ऐकायला हवेत. मृत्यू वाढण्याला रुंद आणि वेगवान रस्ते, अपुरा उजेड, दारू, चालकाच्या हातातला फोन ही कारणं आहेतच. सगळं ओझं एसयूव्हीवर टाकणं अन्यायाचं होईल. पण फोन युरोपातही आले आणि तिथे याच काळात पादचाऱ्यांचे मृत्यू घटले. दुसरा आक्षेप अधिक भिडणारा आहे. आपल्या मुलांसाठी आई-बापांनी मजबूत गाडी घेऊ नये का? जरूर घ्यावी. मीही त्यांच्या जागी तेच केलं असतं. आणि म्हणूनच हा निर्णय एकेका कुटुंबावर सोडून चालत नाही. शेजाऱ्याची गाडी उंच झाली की आपल्या बुटक्या गाडीतलं मूल जास्त धोक्यात येतं, मग आपण उंच घेतो, मग तिसरा त्याहून उंच. प्रत्येकाचा निर्णय शहाणपणाचा आणि सगळ्यांचा मिळून रस्ता आणखी धोकादायक. ‘ग्राहकांना हेच हवं असतं’ या युक्तिवादातही फार दम उरलेला नाही. २०१८ च्या एप्रिलमध्ये फोर्डनं जाहीर केलं की उत्तर अमेरिकेत ती आपल्या सेडान बंद करत नेणार. बुटकी गाडी हवी असलेल्या ग्राहकानं मग काय मागायचं?

आत आणि बाहेर ही विभागणी तशीही फार काळ टिकत नाही. अमेरिकेत गाडी मागे घेताना चिरडून वर्षाला सरासरी २१० माणसं मरत होती. त्यांत लहान मुलं आणि म्हातारे बरेच, आणि चालवणारा कितीदा तरी त्याच घरातला. २००८ साली अशाच एका दोन वर्षांच्या मुलाच्या नावानं कायदा झाला, कारण त्याच्या आई-बापांनी आणि त्यांच्यासारख्या इतरांनी तो लावून धरला. नियम २०१४ मध्ये आला आणि मागचा कॅमेरा पूर्ण सक्तीचा झाला २०१८ च्या मेमध्ये. दहा वर्षं गेली, पण झाला. कुटुंबाच्या गाडीसमोरच्या अंगणात खेळणारं मूल कुटुंबाचंच असतं. मागे कॅमेरा आहे. पुढच्या उंच बोनेटखाली काय आहे हे दाखवण्याची मात्र सक्ती नाही.

मला तीन गोष्टी कराव्याशा वाटतात. तिसऱ्या रांगेचं निमित्त करून कुटुंबाच्या गाडीला ट्रकची सवलत देणारं कलम रद्द व्हावं. माणसं वाहते ती प्रवासी गाडी, इतकी साधी व्याख्या पुरे. बोनेटची उंची आणि पुढची दृष्टी यांवर मर्यादा यावी. पादचाऱ्याच्या डोक्याला किती मार बसतो याची चाचणी सक्तीची करण्याचा प्रस्ताव सुरक्षा यंत्रणेनं २०२४ च्या सप्टेंबरात मांडला आहे. युरोपात पादचारी-संरक्षणाचे नियम २००५ पासून आहेत. उलट दिशेचा वारा किती जोराचा आहे हेही माहीत आहे. २०२५ च्या जुलैत अमेरिकेत मायलेजची अट मोडण्याचा दंडच शून्य करून टाकण्यात आला. कायदा शाबूत, दंड शून्य.

हे अशक्य आहे असं निदान फोर्डनं तरी म्हणू नये. १९९१ च्या एक्सप्लोररचं इंजिन जर्मनीतल्या कलोनमध्ये बनत होतं. त्याच कलोनमधून २०२४ पासून एक्सप्लोरर नावाचीच एक विजेवरची गाडी निघते: फोक्सवॅगनच्या सांगाड्यावरची, दोन रांगांची, अमेरिकी एक्सप्लोररपेक्षा पुष्कळ लहान, आणि पादचाऱ्याला मोजणाऱ्या नियमांखाली विकली जाणारी. ती अमेरिकी कुटुंबाच्या गरजेची नाही, हे खरं. पण पादचाऱ्यासाठी गाडी घडवणं या कंपनीला जमत नाही, ही सबब तिच्यापुढे टिकत नाही.

आणि तिसरी गोष्ट सर्वांत स्वस्त आहे. अमेरिकेत नव्या गाडीच्या काचेवर चिकटवलेल्या कागदावर समोरच्या धडकेला, बाजूच्या धडकेला आणि उलटण्याला किती तारे मिळाले ते छापलेलं असतं. उलटण्याचे गुण छापले जावेत म्हणून एकेकाळी बरंच भांडावं लागलं होतं. त्या ओळीखाली आणखी एक ओळ छापायला फार शाई लागणार नाही: ही गाडी चालणाऱ्या माणसाला धडकली तर काय होतं. आई-बापांना ती ओळ वाचूनही मोठीच गाडी घ्यायची असेल तर त्यांनी ती घ्यावी. ती ओळ वाचायची संधी तरी त्यांना मिळायला हवी.